नानांच्या गजाचं लाकूड

कायदा पाळणाऱ्या माणसाला निदान कायद्याने तरी छळू नये, एवढी साधी अपेक्षाही या जगात पुरी होत नाही, हे नानांना एका तालमीच्या संध्याकाळी कळलं.

तालीम संपत आली होती. हौशी वाद्यवृंदाचे कार्यवाह चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "एक छोटीशी सूचना." कार्यवाहांची सूचना छोटीशी असली की कुणाचं तरी मोठं नुकसान होतं, हा सगळ्यांचा अनुभव होता. मागच्या छोट्याशा सूचनेत एका माणसाची तुतारी कायमची घरी गेली होती.

"आपल्या वार्षिक कार्यक्रमाच्या सभागृहाने नवा नियम केलाय," कार्यवाह म्हणाले. "संरक्षित झाडाच्या लाकडाचं वाद्य, किंवा वाद्याचा कुठलाही भाग, रीतसर कागद असल्याशिवाय रंगमंचावर जाणार नाही. आता आपल्यात तसलं लाकूड कुणाकडे..."

कार्यवाहांना वाक्य पुरं करावं लागलं नाही. सगळ्या माना एकदम नानांकडे वळल्या. एवढी एकतानता त्या वाद्यवृंदाला वाजवताना कधीही साधली नव्हती.

इथे थोडं सांगायला हवं. व्हायोलिन ज्या काठीने वाजवतात तो गज. उत्तम गज होतो पर्नांबुको नावाच्या लाकडाचा. हे झाड समुद्रापलीकडे कुठेतरी वाढतं, आणि गज करणाऱ्यांनी ते इतकं तोडलं की आता त्याच्या फांदीलाही सरकारी संरक्षण आहे. नानांचा गज पर्नांबुकोचा होता. हे ज्याला माहीत नाही असा माणूस नानांच्या ओळखीत नव्हता, कारण ओळख झाल्यावर नाना दुसरं वाक्य तेच बोलत. पाणीपुरवठा खात्यातल्या त्यांच्या तक्रारखिडकीशी "दोन दिवस नळाला पाणी नाही" म्हणून भांडायला आलेले लोकसुद्धा पर्नांबुकोची माहिती घेऊन, पाण्याशिवाय परत गेलेले आहेत. वाद्यवृंदात नानांच्या पाठीमागे त्यांना 'पर्नांबुको'च म्हणत.

आता याला पुरावा काय? तर गुरुजी. नानांच्या गुरुजींनी शिकवणं सोडताना हा गज नानांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "सांभाळून वापर. साधा नाही." पर्नांबुकोची सगळी इमारत या दोन वाक्यांवर उभी होती. गुरुजींना दुसरं काही सुचवायचं असेल, गज जरा वाकडा आहे वगैरे, ही शंका नानांच्या मनाला कधी शिवली नाही.

"म्हणजे मला बसता येणार नाही?" नानांनी विचारलं.

"तुम्हाला येईल हो. गजाला नाही येणार," कार्यवाह म्हणाले.

नानांच्या मागच्या खुर्चीवर दातांचे डॉक्टर बसत. ते हळहळले. दात उपटण्याआधी रोग्याकडे बघून हळहळतात तसेच. नानांची खुर्ची दुसऱ्या व्हायोलिनांच्या पहिल्या रांगेतली, प्रेक्षकांना अख्खी दिसणारी. आणि डॉक्टरांचा तिच्यावर डोळा आहे हे तबलजीपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्याकडे एक जास्तीचा आहे," डॉक्टर म्हणाले. "कृत्रिम धाग्याचा. काळा. पडला तरी मोडत नाही. घेऊन जा. नाहीतर या वर्षी जरा विश्रांती घ्या, पुढे मी बसतो."

वास्तविक या क्षणी नानांनी "माझा गज पर्नांबुकोचा आहे की नाही, मला खात्री नाही" एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि नानांचे सगळे सदरे वाचले असते. पण तसं म्हणायला लागणारा स्नायू नानांच्या देहात नव्हता.

"डॉक्टर," नाना उठून उभे राहिले, "तुमच्या त्या प्लास्टिकपेक्षा मी करवतीने वाजवीन. आणि कार्यवाह, लिहून घ्या. मी पर्यायी लाकडाचा गज करीन. स्वतः करीन. याच खुर्चीवर बसून वाजवीन. झाडंही वाचतील आणि अब्रूही."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की नानांना आपण काय बोललो ते पहिल्यांदा ऐकू येत असे.

घरी येऊन नानांनी हे सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घडी मोडली नाही. ती म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्ही स्वतः खुंटाळं केलं होतंत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"अजून भिंतीला भोक आहे."

आतल्या खोलीतून आत्या म्हणाली, "आता काय करतोय म्हणे नान्या?"

आत्या म्हणजे नानांच्या वडिलांची बहीण. वय झालेलं, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. नाना घरात वाजवायला बसले की ती आपली काठी जमिनीवर आपटायची. एकदा आपटली तर "पुरे", दोनदा आपटली तर "पुरे म्हटलं ना". नानांच्या संगीतसाधनेला या घरात मिळालेली ही एकमेव नियमित दाद.

नानांनी मग पुस्तकं आणून लाकडाचा अभ्यास केला. गजाची काठी हलकी हवी, पण कणखर हवी. वाकवली तर वाकायला हवी, सोडली तर आपली आपण जागेवर यायला हवी. (बायकोने हे वाचून "म्हणजे सुनेसारखी" असा शेरा मारला. नानांनी तो शास्त्रीय नाही म्हणून सोडून दिला.) आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जाणकार लोक काठी फरशीवर टाकून बघतात. चांगलं लाकूड पडलं की खणखणतं, वाईट लाकूड पडलं की नुसतं पडतं.

या एका वाक्याने नानांच्या संसाराची लय बिघडली. दुसऱ्या दिवसापासून नानांनी घरातल्या लाकडाच्या वस्तू फरशीवर टाकायला सुरुवात केली. लाटणं टाकलं. पडद्याची दांडी टाकली. पलंगाची आडवी पट्टी काढून टाकली, तेव्हा पलंगावर मुलगी झोपलेली होती हा तपशील राहून गेला. तीन पायांचं स्टूल टाकलं. ते खणखणलं नाही, दोन पायांचं झालं. खालच्या मजल्यावरून निरोप आला, की आमच्या छताशी तुमचं काय वाकडं आहे?

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. इथून पुढे नाना रोगी आणि सगळी इमारत वैद्य.

वरच्या मजल्यावर पूल बांधून निवृत्त झालेले अभियंते राहत. त्यांनी नानांचा जुना गज डोळ्यांसमोर आडवा धरला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"याचा वाक उलटा आहे," ते म्हणाले.

"गजाचा असाच असतो."

"मग चुकीचा असतो. वाक वर पाहिजे. मध्ये भार आला की खाली बसेल हा."

"याच्यावरून कोण जाणार आहे?"

"भाराचं काही सांगता येत नाही, नाना. आमच्या एका पुलावरून सर्कस गेली होती. कुणी सांगितलं होतं का आधी?"

समोरच्या दारातल्या काकूंना वाक वगैरेत रस नव्हता. त्या आत जाऊन एक झाडूचा दांडा घेऊन आल्या. "हे घ्या. झाडू गेला, दांडा तसाच आहे. गुळगुळीत आहे, सरळ आहे. रंग दिलात की कुणाला कळणारही नाही."

नानांचा चेहरा लाल झाला. "काकू, हे व्हायोलिन आहे."

"मग?"

"झाडूचा दांडा? व्हायोलिनला? ज्या तारांवर पर्नांबुको फिरला त्या तारांवर झाडू फिरवू?"

"धूळ तरी बसणार नाही," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्या अपमानाने नाना दिवसभर जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत. कचेरीत गेले तरी डोक्यात झाडूच होता. तिथे साहेबांच्या मेजावर एक जुना, काळा, गोल लाकडी रूळ असे, रेघा मारायचा. साहेब बाहेर गेलेले बघून नाना आत शिरले आणि त्यांनी रूळ उचलून खाली टाकला. कान देऊन ऐकलं. पुन्हा टाकला. आवाज नीट कळेना म्हणून गुडघ्यांवर बसून, कान फरशीला लावून टाकला. तिसऱ्यांदा वर बघितलं तर साहेब.

"काय चाललंय?"

"ऐकतोय, साहेब."

"काय म्हणतोय रूळ?"

"काही नाही, साहेब. मठ्ठ आहे."

रूळ साहेबांच्या वडिलांचा होता. पुढचे काही दिवस नानांना गळक्या पाइपांच्या पाहणीवर बाहेर पाठवण्यात आलं. भर उन्हात गळका पाइप शोधत फिरताना, समाजाला कलावंताची किंमत नाही हा विचार नानांनी इतक्या वेळा केला की शेवटी तो त्यांनाच कंटाळवाणा वाटायला लागला.

एके दिवशी असेच घामाघूम होऊन घरी आले. कार्यक्रम जवळ येत चाललेला, लाकडाचा पत्ता नाही. वाटेत डॉक्टर भेटले होते आणि त्यांनी अत्यंत प्रेमाने विचारलं होतं, "त्या खुर्चीवर गादी तुमची घरची आहे की संस्थेची?" नानांनी रागाने व्हायोलिन काढलं, जुना गज उचलला आणि घासायला सुरुवात केली. आतून काठी आपटली.

टण्ण.

नानांचा हात थांबला. इतकी वर्षं त्यांनी तो आवाज अपमान म्हणून ऐकला होता. आज पहिल्यांदा आवाज म्हणून ऐकला. फरशीवरून उठला, भिंतीला लागला आणि खोलीत रेंगाळला. नाना गजासकट आत धावले.

"आत्या, पुन्हा आपट."

आत्या जपून म्हणाली, "तू वाजवत नाहीयेस आता."

"तरी आपट."

आत्याने आपटली. टण्ण.

"अजून एकदा. जरा खालून धर."

"अगं ए!" आत्याने सुनेला हाक मारली. "याला उन्हाचा त्रास झालाय. कांदा... नाहीतर राहू दे, डॉक्टरलाच बोलाव."

बायको धावत आली. नानांनी सगळं समजावलं. काठी गडद, नारिंगी छटेची, वापरून वापरून चकचकीत झालेली. उंचीला गजापेक्षा वीतभर जास्त. अंगात गाठ नाही, चीर नाही. नाना तिच्याकडे असे बघत होते की बायकोने नजर वळवली.

"देशील?" नाना म्हणाले.

"काठी?" आत्या म्हणाली. "मी काय हवेवर चालू?"

"तुला नवी आणतो. चार पायांची मिळते ना हल्ली, अ‍ॅल्युमिनियमची."

"चार पाय तिचे, दोन माझे. मी बाई आहे का वरात?" आत्याने काठी छातीशी धरली. "आणि कशाला म्हणे एवढा आटापिटा? नाही बसलास एक वर्ष खुर्चीवर तर काय आकाश कोसळणार आहे? दुसरा कुणी बसेल."

"दातांचे डॉक्टर बसणार आहेत."

आत्या थांबली. "कुठला? तो?"

"तोच."

हे प्रकरण असं होतं, की काही वर्षांपूर्वी आत्याची उजवी दाढ दुखत होती आणि डॉक्टरांनी डावी काढली होती. चुकून नव्हे, "ती पुढे त्रास देणार होती" असं म्हणून. त्या दाढेचं जाणं आत्याने नवऱ्याच्या जाण्याहून कमी शांतपणे घेतलं होतं.

आत्याने काठी नानांपुढे धरली. "घे. पण दोन गोष्टी. गज तयार होईपर्यंत या घरात वाजवायचं नाही. आणि काठी माझी. आकार तू काय द्यायचा तो दे, पण काठी माझी."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याच्याही आलं असावं, पण ते बहुधा पहिल्या अटीमुळे.

मग गच्चीवर कारखाना निघाला. करवत भाड्याने, रंधा उसना, अभियंते फुकट. काठी उभी चिरताना नाना आत्याकडे बघत नव्हते. आत्या मात्र खुर्ची टाकून समोरच बसली होती आणि प्रत्येक ढलपीला "हळू रे, पाय आहे माझा तो" म्हणत होती. काठी तासून बारीक झाली. वाक देण्यासाठी ती खाली स्वयंपाकघरात गॅसवर धरायची होती. अभियंते एका टोकाला, नाना दुसऱ्या. ऐन गरम झाल्यावर अभियंत्यांमधला पूल जागा झाला आणि त्यांनी वाक वरच्या बाजूला द्यायला सुरुवात केली. नाना खाली ओढतायत, ते वर. मध्ये काठी आणि तिच्याखाली तापलेलं दूध. दूध उतू गेलं, पण काठी मोडली नाही. दोघांनी सोडल्यावर ती शांतपणे जागेवर आली. "लाकूड चांगलं आहे," अभियंते घाम पुसत म्हणाले. "मी यावरून मालगाडी सोडली असती."

भुशाचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. नानांनी तो झाडून गोळा केला आणि गच्चीवर जे रिकामं दिसलं त्यात टाकला. ती कपडे भिजवायची बादली होती. बायकोने अंधुक उजेडात तिच्यात साबणाचं पाणी सोडलं आणि नानांचे सगळे पांढरे सदरे त्यात घातले.

सकाळी सदरे गुलाबी निघाले. साधे गुलाबी नव्हेत; लग्नात नवरीच्या करवलीला शोभतील असे. पुन्हा धुतले तर आणखी गडद झाले. नानांना कचेरीत घालायला पांढऱ्याखेरीज सदरे नव्हते. म्हणून खात्याच्या तक्रारखिडकीत आठवडाभर एक गुलाबी माणूस बसला. लोक पाण्याची तक्रार विसरून बघत राहत. साहेब एकदा जवळ येऊन हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"लाकूडकाम चाललंय, साहेब," नाना ताठ मानेने म्हणाले. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त जाताना आपला रूळ कुलपात ठेवला.

गज झाला. जुन्या गजासारखीच मूठ आणि घोड्याच्या शेपटीचे केस बाजारातल्या वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून यालाही बसवून आणले. आता फक्त कागद. घरी केलेल्या गजाचं लाकूड पर्यायी आहे, असं लाकूड-ओळख कार्यालयाने लिहून द्यायचं, म्हणजे सभागृह आत सोडणार. नानांनी नव्याबरोबर जुना गजही घेतला. संरक्षित लाकूड बाळगणाऱ्याने त्याची नोंद करावी असा नियम होता, आणि नाना नियम पाळणारे. 'अस्सल पर्नांबुको' असं सरकारी शिक्क्याने लिहून आलं, तर ते काचेत घालून कुठल्या भिंतीवर लावायचं हेही ठरलं होतं. खुंटाळ्याच्या भोकावर.

"मीही येणार," आत्या म्हणाली. "माझी काठी मला सोडून सरकारात जाणार नाही." आणि ती त्या चार पायांच्या काठीवर, जिला ती 'ते जनावर' म्हणायची, टकटक करत निघाली.

कार्यालयात पहिल्या खिडकीने विचारलं, "लाकूड घराचं की झाडाचं?" नाना म्हणाले, "गजाचं." खिडकी म्हणाली, "मग फर्निचर. वरच्या मजल्यावर." वर सांगितलं, फर्निचरला पाय लागतात. आत्याने आपलं जनावर दाखवलं, तर ते धातूचं निघालं. शेवटी ज्या खोलीत पाठवलं ती पहिल्या खिडकीला लागून होती. तिथे एक तपासनीस बाई होत्या. त्यांना सर्दी झालेली, आणि त्या सर्दीला जगातली सगळी लाकडं जबाबदार आहेत अशा नजरेने त्या बघत होत्या.

"आधी हा बघा," नानांनी जुना गज दोन्ही हातांवर ठेवून पुढे केला. "तसा तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हा..."

"बोलू नका." बाईंनी मुठीची बाजू सुटी करून काठीचं टोक खरवडलं, भिंग लावलं, शिंकल्या. "साधं आहे. वरून रंग दिलाय."

"काय?"

"साधं लाकूड. झाडूचे दांडे करतात याचे. याला कागद लागत नाही, पण पाहिजे तर देते."

आत्याने जनावराचे चारी पाय हळूच बाजूला सरकवले. नानांना सगळं आठवलं. इतकी वर्षं. इतकी माणसं. समोरच्या काकूंचं ते बंद झालेलं दार.

"बाई, तुमचं भिंग..." नाना कसेबसे म्हणाले. "सर्दीमुळे..."

"मी नाकाने बघत नाही. दुसरा द्या."

नव्या गजाचं टोक खरवडताना मात्र बाई थांबल्या. भिंग जवळ नेलं. मग मान वर करून त्यांनी नानांच्या गुलाबी सदऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा लाकडाकडे. पुन्हा सदऱ्याकडे.

"भुसा साबणाच्या पाण्यात पडला होता?"

"तुम्हाला कसं..."

"तुमच्या अंगावर लिहिलंय." बाईंनी चिमूटभर भुसा एका बशीत टाकून वरून काही थेंब सोडले. बशी गुलाबी झाली. तोच गुलाबी. "पर्नांबुको आहे. अस्सल. कुठून तोडलंत?"

नाना खुर्चीवर बसले. ती खुर्ची त्यांची नव्हती, बाईंची होती.

"तोडलं नाही. ही आत्याची काठी आहे. आत्या!"

"रंगाचं लाकूड आहे ते," आत्या म्हणाली. "माझ्या सासऱ्यांचा कापड रंगवायचा कारखाना होता. जहाजाने ओंडके यायचे. त्यातल्या एकाची करून घेतली त्यांनी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? आपट म्हणालास, आपटली."

बाई शिंकल्या. "याचा गज करून वाजवायचा तर परवाना लागेल. परवान्याला झाड तोडलं तेव्हाची पावती."

"सासऱ्यांच्या लग्नाआधीचं झाड आहे, बाई."

"मग जप्त होईल."

"माझी काठी जप्त?" आत्या उभी राहिली. "म्हातारीने चालायचं कशावर? नियमावर?"

बाईंनी कंटाळून एक जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, बोट ठेवलं. "चालायची काठी, जुनी, घरगुती वापरातली. तिला परवाना लागत नाही."

"बघा!"

"पण ही बारीक आहे. आणि केस आहेत."

"या वयात मीही बारीक झाले," आत्या म्हणाली. "केसांचं विचारू नका."

बाईंना सर्दी होती, भूक लागली होती आणि जप्तीचा अहवाल लिहायचा तर तीन खिडक्या फिराव्या लागणार होत्या. त्यांनी गज उचलून आत्याच्या हातात दिला आणि नानांना म्हणाल्या, "नीट ऐका. यांच्या हातात असेल तोवर ही काठी. तुमच्या हातात गेली की गज, आणि गुन्हा. समजलं? पुढचे."

अशा रीतीने नाना एक अस्सल पर्नांबुको आणि 'साधे लाकूड, हलक्या प्रतीचे' असा शिक्का मारलेला कागद घेऊन घरी आले. त्यांतलं फक्त दुसरं त्यांच्या मालकीचं होतं. ते काचेत घातलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या मागच्या दाराशी कार्यवाह कागद तपासत उभे होते. नानांनी जुना गज आणि कागद पुढे केला. कार्यवाहांना छोट्या गोष्टी मोठ्याने वाचायची सवय होती. "साधे लाकूड," त्यांनी वाचलं. "हलक्या प्रतीचे. झाडूचे दांडे इत्यादींसाठी उपयुक्त."

वाद्यवृंद ज्या तन्मयतेने ते ऐकत होता, त्या तन्मयतेने त्याने कधी स्वरलिपी वाचली असती तर तो वाद्यवृंद कुठल्या कुठे गेला असता.

"पण हा तर तुमचा जुनाच गज," डॉक्टर म्हणाले. "तोच ना? पर्नांबुको?"

नानांनी कागद परत घेऊन खिशात कोंबला. गुलाबी सदरा काळ्या कोटाखाली दडला होता, तरी तो गळ्यापाशी दिसत होता. नाना पडद्याआडच्या अंधारात एकटेच जाऊन उभे राहिले. आत जावं, की खुर्ची डॉक्टरांना देऊन, घरी जाऊन खुंटाळ्याचं भोक बुजवावं? एका दांड्याने एका माणसाचं सगळं आयुष्य झाडून काढलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "नान्या, जरा धर रे."

आत्या. बायकोच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात नवा गज. दारावर म्हाताऱ्या बाईची काठी कुणी तपासली नव्हती.

"काय धरू?"

"काठी. मला पहिल्या रांगेत बसायचंय. बसताना काठीची अडचण होते. कार्यक्रम संपेपर्यंत धर."

"आत्या, त्या बाई म्हणाल्या, माझ्या हातात गेली की..."

"मी तुला दिली का? धरायला सांगितली. घरच्या म्हातारीची काठी धरणं गुन्हा आहे कुठे? आणि तोवर तुझा तो झाडू दे इकडे. माझ्या हाताला चाळा नको?"

बायको म्हणाली, "घ्या हो. डॉक्टर खुर्चीवरची गादी बदलतायत तिकडे."

नाना गेले. डॉक्टरांच्या बुडाखालून गादी ओढली, आपली घातली आणि बसले. पडदा उघडला. संचालकांनी हात वर केला आणि नानांनी आत्याची काठी तारेवर ठेवली.

आवाज आला तेव्हा नानांना आधी वाटलं, शेजारचा वाजवतोय. मग कळलं, आपणच. सूर भरलेला, गोल, सोडला तरी हवेत थांबणारा. काठी जिकडे न्यावी तिकडे जात होती आणि काही ठिकाणी तर नानांच्या आधी पोचत होती. नाना नेहमी जिथे चुकत तिथेही आज चुकले, पण इतक्या सुंदर आवाजात की संचालकांनी बाकीच्यांकडे रागाने बघितलं. पहिल्या रांगेत आत्या मांडीवर जुना गज आडवा ठेवून बसली होती. नाना वाजवत असताना तिने काहीही आपटलं नाही, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

संपल्यावर माणसं नानांभोवती जमली. कार्यवाह म्हणाले, "काय आवाज, नाना! आणि झाडूच्या लाकडातून!"

"मी तरी म्हणतो, उगाच महागड्या लाकडाचं स्तोम," तुतारीवाला म्हणाला. तो नुसता ऐकायला आला होता.

डॉक्टर गज हातात घेऊन बघू लागणार, एवढ्यात नानांनी तो पाठीमागे लपवला. त्यांना बोलायचं होतं. सगळ्या जगाला ओरडून सांगायचं होतं, की मूर्खांनो, हा झाडू नव्हे; हा पर्नांबुको आहे, अस्सल, सरकारी बाईंच्या बशीत गुलाबी झालेला. ज्या वर्षांत तो नव्हता त्या सगळ्या वर्षांत मी सांगत होतो, आणि आज आहे, तर... नानांनी तोंड उघडलं.

फट्. आत्याने जुना गज खुर्चीच्या पायावर आपटला. आवाज मठ्ठ होता, पण अर्थ जुनाच होता.

नानांनी तोंड मिटलं.

"झाडू," मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं. त्या दिवसापासून वाद्यवृंदात नानांना पर्नांबुको म्हणणं बंद झालं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी नाना सांडशी आणायला भांड्यांच्या दुकानात गेले होते. कोपऱ्यात कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. झाडूचे दांडे एकेक करून फरशीवर टाकत होतं, आणि कान लावून ऐकत होतं. दुकानदार गल्ल्यावरून हताशपणे बघत होता. डॉक्टर होते ते. नानांना बघून ओशाळले, पण मोह आवरला नाही.

"नाना, खरं सांगा. तुमचा कुठल्या दुकानातला?"

नानांच्या घशाशी सगळं आलं. दाढ आली, गादी आली, कृत्रिम धागा आला, आणि सगळ्यांच्या वर तो शब्द आला. नानांनी तो गिळला. मग खाली पडलेल्यांतला एक दांडा उचलला, जरा वाकडाच होता, आणि डॉक्टरांच्या हातात ठेवला.

"सांभाळून वापरा," नाना म्हणाले. "साधा नाही."